उत्तर खिडकीच्या उजेडाबाबत

उद्घाटनाच्या दिवशी, भर कार्यक्रमात, माझ्या मावशीने इस्त्रीने खिडकी फोडली. एखादी काच नाही, सगळ्या.

असं काही घडलेलं नाही. समितीच्या अहवालात तसं स्वच्छ लिहिलंय आणि अहवालावर मोठमोठ्या लोकांच्या सह्या आहेत. माझ्याकडे नुसते डोळे आहेत. तेव्हा ते सोडून देऊ. खिडकी शाबूत आहे, इस्त्री कपाटात आहे, मावशी स्वभावाने गरीब आहे. मी फक्त जे झालंच नाही ते कशामुळे झालं नाही, एवढंच सांगतो.

आमचं घर म्हणजे एक दगडी बंगली. मुळात ती तलावाच्या चौकीदारासाठी बांधलेली. तलाव बुजला, चौकीदार गेला, बंगली राहिली, म्हणून ती ऐतिहासिक. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक खिडकी. बाकीच्याही खिडक्या आहेत, पण घरात नुसतं ‘खिडकी’ म्हटलं की ती मोठ्या खोलीतली, उत्तरेकडची. गुडघ्याच्या उंचीपासून छतापर्यंत लाकडी चौकट आणि तिच्यात लहान लहान काचा. तिच्यातून ऊन कधी येत नाही, नुसता उजेड येतो. सकाळी जसा, तसाच दुपारी. पिवळा नाही, तांबडा नाही, कुणाची बाजू न घेणारा. चित्रकारांना असाच उजेड लागतो. रफू करणाऱ्यांनाही असाच लागतो. आमच्या घरात दोन्ही होते.

चित्रकार म्हणजे माझे आजोबा, आईचे आणि मावशीचे वडील. घरात त्यांना तोंडावर ‘बाबा’ म्हणत आणि पाठीमागे ‘कलावंत’. त्यांची चित्रं कुणी विचारत नसे. त्याचा राग जगावर काढायचा तर बाहेर पडावं लागलं असतं, चपला घालाव्या लागल्या असत्या. घरात दोन मुली आयत्या होत्या. आईने लग्न करून पळ काढला आणि बाबा असेपर्यंत त्या घरात पाऊल टाकलं नाही. मावशी धाकटी, ती सापडली.

मावशी रफू करते. सिगरेटने जळलेली बाही, कसरीने खाल्लेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली विजार, काहीही. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावरून एकेक उभा, एकेक आडवा असे विणत न्यायचे. काम चांगलं झालं की ते दिसत नाही. त्यामुळे मावशीला तिचं काम कुणाला दाखवता येत नाही आणि आजोबांना दुसरं काही करता येत नव्हतं, असा तो संसार होता. त्यांच्या रंगांच्या ट्यूबा मावशीच्या सुईतून यायच्या. खिडकीपाशी एक खुर्ची मावते. ती तिथे बसायची आणि आजोबा चित्राच्या घोड्यामागे, कॅनव्हास टेकवायच्या त्या तिपाईमागे, उभे राहून म्हणायचे, “सरक. माझा उजेड पितेस.”

पुढे त्यांचा हात कापायला लागला. त्यांनी चित्रं काढणं सोडलं, पण उजेड सोडला नाही. तो वापरत नसले तरी त्यांच्या मालकीचा होता. एक दिवस मावशी बाजारातून आली, तर खिडकी काळी. फाटकाला देऊन उरलेला तेलरंग त्यांनी काचांना फासला होता, वरच्या काचांना स्टुलावर चढून. हात कापत होता म्हणता म्हणता एक कोपरा सुटला नव्हता. ब्रश हातातच होता.

“आता बस शिवत,” ते म्हणाले.

त्याच दुपारी कुठल्याशा मासिकाचा फोटोग्राफर जुनी दगडी घरं टिपत आला. त्याला भिंती हव्या होत्या. भिंतीसमोर एक चिडलेला म्हातारा मध्ये येत होता, म्हणून तोही टिपला, मागच्या काळ्या खिडकीसकट.

त्यानंतर आजोबा बरीच वर्षं जगले. द्वेषात पोषण चांगलं असतं. मावशी अंगणात बसून रफू करायची. ऊन फिरेल तशी खुर्ची फिरायची, वाऱ्याने धागे उडायचे. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने दाढीचं पातं घेतलं आणि खिडकी खरवडून काढली. काळ्या सालींचा ढीग झाला. तो तिने झाडून केराच्या डब्यात टाकला आणि खुर्ची आत आणली. आई म्हणते, मावशी बाबा गेले तेव्हा रडली नाही, खरवडताना रडली. मावशी म्हणते, डोळ्यात रंग गेला होता.

इथवर सगळं आमच्या घरापुरतं होतं; मीही तोवर मावशीकडे राहायला आलो होतो. मग आजोबा मोठे झाले. मेल्यावर, म्हणजे कुणाला त्रास होणार नाही अशा वेळी. कुणीतरी त्यांच्यावर जाड पुस्तक लिहिलं आणि मागोमाग वारसा समिती आली. तिच्यासोबत एक तज्ज्ञ आला. मऊ आवाज, मऊ बूट, मान कायम थोडी तिरपी, समोरचा माणूस भिंतीला वाकडा टांगलाय अशी. त्याच्या हातात तो मासिकातला फोटो होता.

“ही खिडकी कुठे आहे?” त्याने विचारलं.

मावशी खिडकीतच बसली होती. “ही काय.”

“नाही, ही पारदर्शक आहे.”

“खिडकी आहे ती.”

तज्ज्ञाने फोटो पाहिला, खिडकी पाहिली, मग मावशीकडे असं पाहिलं, जसं काही तिने बाळ उकिरड्यावर टाकलंय. आजोबांनी आयुष्याच्या शेवटी उजेडाचा त्याग केला आणि स्वतःची खिडकीच काळी रंगवली, हे त्यांचं अखेरचं आणि सर्वश्रेष्ठ चित्र होतं, असं तो म्हणाला. पुस्तकात त्याच्यावर अख्खं प्रकरण आहे. प्रकरणाचं नाव ‘काळोख’.

मावशीने सुई उशीत खोचली. तिने सगळं नीट सांगितलं. फाटकाचा रंग, स्टूल, ‘आता बस शिवत’, सगळं. आवाज न चढवता, गिऱ्हाइकाला भोक कसं पडलं असेल ते समजावते तसं. तज्ज्ञ लिहून घेत होता. मला वाटलं, चला, मिटलं.

त्याने वही मिटली. “म्हणजे त्यांनी स्वतःच्या मुलीच्या उजेडाचीही पर्वा केली नाही. केवढा त्याग.”

“त्याग कुणाचा?” मावशीने विचारलं.

“त्यांचा.”

“उजेड माझा गेला होता.”

“तेच तर,” तज्ज्ञ म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले. मी त्याला पाण्याचा पेला आणून दिला. तो त्याच्यावर ओतायचा राहिला ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक आहे, पण तेव्हा मला नोकरी हवी होती.

नोकरी मिळाली. बंगली आता सरकारी संग्रहालय होणार, मावशी तिथे रखवालदार म्हणून राहणार आणि मी चित्रकाराचा नातू म्हणून मार्गदर्शक. मला गळ्यात अडकवायला ओळखपत्र आणि पाठ करायला मजकूर दिला. मजकुराची सुरुवात अशी होती: ‘आपण आता एका महान नकारासमोर उभे आहात.’ मी तो मावशीला म्हणून दाखवला. ती म्हणाली, “दीडशहाण्या, पोटापाण्याचं आहे, पाठ कर. पण खिडकीला हात लावू देऊ नकोस.”

मी कोण हात लावू न देणारा? त्यांनी आधी चौकटीच्या फटीतून जुन्या रंगाचा कण काढून तपासायला पाठवला. निकाल आला की तो फाटकाचा तेलरंग आहे. मावशीने हे फुकट सांगितलं होतं, पण तपासणीअंती आल्याने आता ते ज्ञान झालं. मग एक माणूस आला, पांढरे हातमोजे घातलेला, आणि त्याने फोटोवर भिंग धरून प्रत्येक फटकारा जसाच्या तसा उतरवत खिडकी काळी केली. आजोबांना सकाळभर पुरलेला राग त्याला पंधरवडाभर पुरला. सगळा वेळ मावशी दारात उभी होती. एकेक काच विझत गेली तसतसा तिच्या चेहऱ्याचा एकेक भाग दिसेनासा होत गेला. शेवटची काच संपल्यावर तो माणूस म्हणाला, “हुबेहूब.” हो की. आजोबाही उठून आले असते तर म्हणाले असते, आता बस शिवत.

अंगणात बसायलाही आता बंदी होती. अंगण ‘मूळ स्वरूपात’ ठेवायचं होतं, आणि मूळ स्वरूपात मावशी नव्हती. ती वर्षानुवर्षं तिथे बसली होती, पण फोटोत आली नव्हती. मग ती स्वयंपाकघरात, बल्बखाली.

एका वकीलसाहेबांचा काळा कोट तिच्याकडे होता, जुनं गिऱ्हाईक. खांद्यावर कसरीने भोक पाडलेलं. काळ्यावर काळं रफू सगळ्यात अवघड. सगळ्यांना वाटतं काळा म्हणजे काळा, पण काळा निळ्याकडे जातो, तपकिरीकडे जातो, हिरव्याकडे जातो. त्यात शिवणीतला आतला धागा पुरला नाही. मावशीने डब्यातले धागे काढले, बल्बखाली जुळवले, चष्मा पुसला, पुन्हा जुळवले. कोट दिला.

दोन दिवसांनी वकीलसाहेब कोट हातात घेऊन आले. चांगला माणूस.

“ताई, तसं काही नाही. फक्त बाहेर उजेडात…”

त्यांनी कोट दारातल्या उजेडात धरला. खांद्यावर हिरवा ठिपका होता. हिरवागार, भिंतीवर शेवाळ उगवावं तसा.

“भर कोर्टात न्यायाधीश म्हणाले, वकीलसाहेब, तुमच्यावर गवत उगवायला लागलंय, तारखा कमी मागा.” ते हसले. मीही हसलो. मावशी हसली नाही. तिने कोट घेतला, ठिपक्यावरून अंगठा फिरवला. तिचं काम आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला दिसलं होतं.

“ठेवून जा,” ती म्हणाली. “उजेड मिळाला की करून देते.”

मी तज्ज्ञाकडे गेलो. समितीचं कार्यालय एका उंच इमारतीत आहे, आणि तिथे भिंतीच नाहीत, सगळ्या काचा. उजेड इतका की कारकून पडदे ओढून आत दिवे लावून बसतात. मी म्हणालो, एक काच. फक्त एक काच खरवडू द्या, खालची, खुर्चीच्या उंचीवरची. तज्ज्ञाने मान तिरपी केली.

“तुम्ही एखाद्या चित्रातला एक डोळा काढून मागताय.”

“चित्रातल्या नाही. मावशीच्या डोळ्यांबद्दल बोलतोय.”

“त्यांचं दुःख आम्हाला कळतं,” तो म्हणाला. “किंबहुना ते आम्ही दालनात घेतलंय.”

दालनात घेतलंय म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. टेम्पोतून एक पुतळा उतरला. फायबरचा, तरुण मुलगी, मान खाली, हातात सुई. मावशीने सांगितलेली हकीकत ‘मौखिक साधन’ म्हणून मान्य झाली होती, आणि तिच्यावरून चित्रकाराच्या मुलीचा पुतळा केला होता. तो काळ्या खिडकीसमोर बसवायचा होता. खुर्ची नवी कशाला, म्हणून मावशीचीच घेतली. पुतळा बसवायला आलेल्या माणसाने मावशीला विचारलं, “बाई, बघा बरं, बसण्याची ढब बरोबर आहे का?”

मावशी पुतळ्याभोवती फिरली. “नाक माझं नाही.”

“नाकाचं राहू द्या.”

“हिला दिसतं का?”

“कोणाला?”

“हिला. या काळोखात सुई धरून बसवलीय, हिला दिसतं का?”

तो माणूस म्हणाला, पुतळा आहे बाई तो. मावशी म्हणाली, माहितेय. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. भांडी मात्र इतक्या जोरात घासली की एका कढईचा कान हातात आला. मी विचारलं, मावशी, काय झालं? “बाबांनी मला उठवलं होतं,” ती म्हणाली. “यांनी माझ्या जागी दुसरी बसवली. बाबा बरे म्हणायचे.” आजोबांबद्दल तिच्या तोंडून बरा शब्द मी तो एकच ऐकला.

उद्घाटनाला पाहुणे आले. मोठे पाहुणे, नाव सांगत नाही, तशीही त्यांची नावं बदलत असतात. खोली गच्च भरली. खिडकी काळी, त्यामुळे दिवसाढवळ्या दिवे लावले होते. तज्ज्ञ बोलला. उजेडाला नाही म्हणायला किती मोठं मन लागतं, यावर तो बोलला. मग मला खूण केली. मी म्हणालो, “आपण आता एका महान नकारासमोर उभे आहात,” आणि त्याच वेळी मावशी स्वयंपाकघरातून आली.

तिच्या एका हातात वकीलसाहेबांचा कोट होता आणि दुसऱ्यात इस्त्री. जुनी, कोळशाची, कपडा दाबायला ती तीच वापरते. लोकांनी वाट करून दिली, त्यांना वाटलं कार्यक्रमातलंच काही. तिने हातातलं खाली ठेवलं, पुतळ्याला काखेत धरून उचललं आणि बाजूला भिंतीशी उभं केलं. पुतळा बसलेला घडवलेला असल्याने तो उभा राहीना. पाहुण्यांनी नकळत धरला. मग तिने इस्त्री उचलून खालच्या काचेवर घातली.

एका काचेने भागलं असतं. तिला एकच हवी होती, मीही एकच मागितली होती. पण त्या एका चौकोनातून उजेड आत आला, थेट तिच्या हातावर पडला, आणि मला वाटतं इतक्या दिवसांनी हात दिसल्यावर तिचा तोल गेला. तिने ओळीने सगळ्या फोडल्या. घाईघाईत नाही, एकेक, टाके घालते तशा. वरच्यांसाठी स्टुलावर चढली. कुणी अडवलं नाही. मी अडवलं नाही, कारण मी स्टूल धरलं होतं.

मग ती खाली उतरली, काचा झटकून खुर्चीत बसली, कोट मांडीवर घेतला आणि हिरवे धागे उसवायला लागली. खोलीत दोनच आवाज होते, तिच्या सुईचा आणि पुतळा सांभाळणाऱ्या पाहुण्यांच्या धापा टाकण्याचा.

मी पोलिसांची वाट पाहत होतो. आले नाहीत. समितीची तिथल्या तिथे बैठक झाली, स्वयंपाकघरात, आमच्याच ओट्याला टेकून. सर्वश्रेष्ठ चित्र फुटलं असं म्हटलं तर संग्रहालयात उरतं काय? एक पुतळा आणि मी. उद्घाटन झालेलं, पाहुणे आलेले, पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापायला गेलेली. तेव्हा ते फुटलं नाही असं ठरलं. अहवालात लिहिलं, ‘कलाकृती सुस्थितीत आहे.’ पुतळ्याचं नाक गोंधळात मोडलं होतं, तोही परत गेला. पण नोंदीत पुतळा एक होता आणि खुर्चीत बाई एक होती, त्यामुळे हिशोब बरोबर बसला.

आता रोज लोक येतात. मी त्यांना त्या खिडकीसमोर उभं करतो, वाऱ्यात, लख्ख उजेडात, समोरचं झाड पानापानानिशी दिसत असताना, आणि म्हणतो, आपण आता एका महान नकारासमोर उभे आहात. ते डोळे बारीक करतात. बरेचजण म्हणतात, हो, अंगावर येतो काळोख. एका मुलीने विचारलं, तिथे काचच नाहीये ना? तिच्या आईने तिला दटावलं.

आणि मावशी खुर्चीत असते. वकीलसाहेबांचा कोट झाला, आता तो कुठे रफू केलाय ते त्यांनाही सापडत नाही. पण दर्शनाच्या वेळेत तिने बोलायचं नाही, खोकायचं नाही, मान वर करायची नाही, अशी सूचना आली आहे, कारण ती पुतळा आहे. लोक तिच्या तोंडाशी येऊन म्हणतात, अगदी जिवंत वाटते नाही? एकाने तिच्या खांद्यावर टिचकी मारून पाहिली. मी त्याला कॉलर धरून अंगणात नेलं. समितीने माझ्याकडून खुलासा मागवला: प्रदर्शित वस्तूबाबत मार्गदर्शकाने भावनिक होऊ नये.

“मावशी, हे काय जगणं आहे?” मी तिला दारं बंद झाल्यावर विचारलं.

“दिसतंय मला,” ती म्हणाली. “आधी ते तरी बघ.”

पण परवा पत्र आलं. वार्षिक देखभालीत काळ्या काचांची झीज तपासून त्यांना रंगाचा नवा हात देण्यात येईल. काचा नाहीत हे त्यांना माहीत आहे, म्हणून सोबत तेवढ्या मापाच्या लाकडी फळ्या येत आहेत. फळ्यांना रंग चांगला बसतो. मी आईला फोन केला. ती सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, “म्हणजे अजून बाबांचंच चालतंय.”

म्हणून मी काल अर्ज दिला. त्यावर शिक्का मारून घेतला. मजकूर असा:

विषय: उत्तर खिडकीतील उजेडाचे हस्तांतरण. महोदय, उपरोक्त बंगलीच्या उत्तर खिडकीतून दिवसा आत येणारा उजेड आजमितीस कै. चित्रकारांच्या नावे असून, ते तो हयातीत वापरत नव्हते व हल्लीही वापरत नाहीत. सबब विनंती की, सदर उजेड त्यांच्या नावावरून कमी करून त्यांची धाकटी मुलगी, व्यवसाय रफू, सध्या पुतळा, हिच्या नावे कायमस्वरूपी वर्ग करण्यात यावा, ढगाळ दिवसांची भरपाई तिला पुढील स्वच्छ दिवसांत देण्यात यावी, तसेच या आदेशाची एक प्रत कै. चित्रकारांस समक्ष बजावून, वाचून मान्य असल्याबद्दल त्यांची सही घेऊन, ती पोच या अर्जदारास देण्यात यावी.